औषधवाल्यांच्या बाटल्या

ऑफिसात त्यांना सगळे नाकवाल्या बाई म्हणायचे. नाक दिसायला बसकंच होतं, पण त्या नाकावर एका आयात कंपनीचा मोठा कारभार चालायचा. बेल्जियमहून येणारी कडक बिअर विक्रीला जाण्याआधी बाईंच्या टेबलावर यायची आणि बाईंनी मान हलवली की मगच गोदामाबाहेर पडायची. त्याआधी त्या दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होत्या. उद्या नासणारं दूध त्यांना आजच वासावरून कळायचं. नोकरी बदलली तेव्हा सासूबाईंना सांगितलं होतं की शीतपेयांच्या तपासणीचं काम आहे. सासूबाई काही दूधखुळ्या नव्हत्या. वर्षभर गप्प राहिल्या आणि मग एकदा म्हणाल्या, त्या शीतपेयाचा एक घोट मलाही आण की कधीतरी.

एकोणीस वर्षं बाईंचा दिवस एकाच पद्धतीनं सुरू होत होता. सकाळी वासाचा साबण नाही, अत्तर नाही, तिखट नाश्ता नाही. साडेदहाला पांढऱ्या भिंतींच्या खोलीत गोल पोटाचे तीन पेले मांडले जायचे. ही बिअर बर्फासारखी गार करून पीत नाहीत. माठातल्या पाण्याइतकी गार पुरते, नाहीतर वास उमलतच नाही. बाटली हळू तिरकी करायची, तळाचा गाळ तळाशीच ठेवायचा, फेस बसू द्यायचा, आधी हुंगायचं आणि मग घोट घ्यायचा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणाऱ्यांना ती सोय नाही, कारण कडूपणा घशाच्या मुळाशी कळतो. म्हणून दिवसाला तीनच बाटल्या आणि प्रत्येकीतले दोन-तीनच घोट.

चव लिहायला बाईंचे स्वतःचे शब्द होते. बंद कपाटातलं सफरचंद. पाटीवरची ओली पेन्सिल. इस्त्रीखालचा ओला रुमाल. कंपनीतली केमिस्ट त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण नियमांची पक्की. ती एकदा वैतागून म्हणाली की ओला रुमाल म्हणजे अहवालात नेमकं काय लिहू? बाईंनी तिला समजावलं की काळा मनुका झाला, जळकी साखर झाली, लवंग झाली. या सगळ्यांच्या मागे जो गुपचूप उभा असतो, तो रुमाल.

अशा त्या बाई. घरी नवरा, स्वतःच्या दुकानात चष्म्यांच्या काचा घासणारा, अबोल. मुलगी लग्न होऊन गेलेली. आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही असं त्या स्वतःच म्हणायच्या. घडलं ते बावन्नाव्या वर्षी.

कंपनीत एक पत्र आलं. एक औषधवाले वारले होते आणि पत्र त्यांच्या मोठ्या बहिणीचं होतं. भावाच्या तळघरात बेल्जियमच्या बिअरच्या सव्वीस बाटल्या आहेत, काही वीस-वीस वर्षांच्या. त्यातल्या कोणत्या पिण्याजोग्या आणि कोणत्या फेकण्याजोग्या हे सांगणारं कुणी पाठवाल का? साहेबांनी बाईंना विचारलं. जुनी कडक बिअर चाखायला मिळणं म्हणजे या धंद्यात पर्वणीच. बाईंनी लगेच होकार दिला.

शनिवारी दुपारी त्या गेल्या. अरुंद तीन मजली घर, खाली बंद पडलेलं औषधांचं दुकान. मोठी बहीण शाळेतून निवृत्त झालेली, पाठ ताठ, बोलणं मोजकं. आजूबाजूचे तिला ताई म्हणायचे, बाईही तेच म्हणू लागल्या. दुकानाच्या मागून जिना खाली उतरत होता. तळघर कोरडं आणि स्वच्छ होतं. एका भिंतीला फळ्या, समोर टेबल, एक स्टूल, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. बाटल्या रांगेत निजवलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं आकडा बांधलेला. दोन बाटल्या सारख्या नव्हत्या. भावानं प्रत्येक प्रकारची एकेकच आणली होती, असं ताईंनी सांगितलं.

टेबलावर जाड पुठ्ठ्याची वही होती. ताई म्हणाल्या की त्याच्या चवीच्या नोंदी आहेत, तुम्हाला उपयोग झाला तर बघा. बाईंनी ती नंतर बघू म्हणून बाजूला सारली. दुसऱ्याचं मत आधी वाचलं की जीभ लबाडी करायला लागते, हा त्यांचा अनुभव होता.

पहिली बाटली उत्तम निघाली. सुकं अंजीर, जळकी साखर, शेवटी मिऱ्यासारखी ऊब. दुसरीही तशीच. तिसरीचं बूच काढताना आवाजच झाला नाही. ते आतून सैल झालं होतं आणि बिअर आंबून गेली होती. बाईंनी आपल्या कागदावर लिहिलं: बूच सैल, आंबट, ओतावी. मग सहज वही उघडली. पानांच्या डोक्यावर तेच आकडे होते. डॉक्टरांचं अक्षर औषधवाल्यांनाच लागतं म्हणतात, पण या औषधवाल्यांचं स्वतःचं अक्षर मोत्यासारखं होतं. पहिल्या पानावर अंजीर होतं, साखर होती, मिऱ्याची ऊब होती. तिसऱ्यावर लिहिलं होतं: बूच सैल. आंबट. ओतावी.

जाणकार माणूस होता, असं बाईंना वाटलं. त्या जिना चढून वर आल्या, चहा प्यायल्या, बसमध्ये बसल्या. बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बाटली तर एकच होती, आणि तिचं बूच त्यांनी स्वतः, आज, पहिल्यांदा काढलं होतं.

दुसरं कुणी असतं तर पुन्हा त्या घराची पायरी चढलं नसतं. पण बाई एकोणीस वर्षं खोट शोधून काढण्याचंच काम करत होत्या. यातही कुठेतरी खोट असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. औषधवाल्यांना बुचावरच्या डागावरून कळलं असेल, बाटली हलवून अंदाज बांधला असेल. पुढच्या शनिवारी त्यांनी वही ताईंच्या हातात दिली. मी आधी माझं लिहिते, मग तुम्ही त्यांचं वाचा. ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत त्यांनी जन्मभर उत्तरं तपासलीच होती.

चौथी, पाचवी, सहावी. ताई खड्या आवाजात वाचत आणि बाई आपल्या कागदावर बोट फिरवत. सहाव्या बाटलीला बाईंनी लिहिलं होतं: काळा मनुका, लवंग, मागे इस्त्रीखालचा ओला रुमाल. ताईंनी वाचलं, "काळा मनुका. लवंग. मागे इस्त्रीखालचा ओला रुमाल."

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की हा रुमालाचा काय प्रकार आहे. तो वास बाईंच्या लहानपणचा होता. आई कामावर जाण्याआधी रुमालाला इस्त्री करायची तेव्हाचा. तो शब्द केमिस्टखेरीज कुणी ऐकलेला नव्हता, आणि केमिस्टनं तो अहवालात कधीच येऊ दिला नव्हता.

त्या रात्री बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जाऊ नकोस. बाई म्हणाल्या की मला पुढचं कळल्याशिवाय झोप यायची नाही. तो म्हणाला, आणि कळल्यावर येईल का? तरीही पुढचे तीन शनिवार त्या गेल्याच.

आता वहीत बिअरखेरीज इतरही गोष्टी येऊ लागल्या. दहाव्या पानावर चवीखाली लिहिलेलं होतं: मध्येच शिंक आली, पुन्हा हुंगावं लागलं. बाईंना शिंक आली होती. बाराव्यावर लिहिलं होतं: वरच्या दाराची बेल वाजली, फेस बसून गेला. बेल वाजली होती, ताई वर जाऊन आल्या होत्या. तोपर्यंत पेल्यातला फेस खरंच बसला होता. ताईंचा आवाज आता खडा राहिला नव्हता. पण दोघींपैकी कुणीही थांबू या म्हटलं नाही. भीतीलाही एक चटक असते. आणि खरं सांगायचं तर बिअर फार सुरेख होती. तेरावी सोनेरी होती, संत्र्याच्या सालीसारखी, जिभेवर अलगद नाचणारी. बाईंनी तिचा एक घोट जास्तच घेतला, आणि ताईंनी पान उलटलं तर तेही तिथे लिहिलेलं होतं.

पाचव्या शनिवारी पंधरावी बाटली उघडली. बाईंनी पेला भरला, उजेडात धरला आणि ओठांकडे नेला, तेवढ्यात तो हातातून निसटला. फरशीवर काचांचा चुरा झाला आणि बाटलीलाही धक्का लागून ती आडवी झाली. सगळी बिअर टेबलावरून खाली गळाली. मग ताईंनी पान उलटलं. वही त्यांनी बाईंकडे फिरवली. मोत्यासारख्या अक्षरात एवढंच होतं: पेला फुटला. चव कळली नाही.

"ताई, हे त्यांनी कधी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"शेवटच्या दोन वर्षांत."

"तेव्हा ते पीत होते?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी थेंबसुद्धा बंद केला होता. तरी तो रोज दुपारी दुकान बंद करून खाली यायचा, या स्टुलावर बसायचा आणि एखादी बाटली नुसती समोर ठेवून लिहायचा. ताईंनी एकदा विचारलं होतं की न पिता काय लिहितोस रे. "म्हणाला, ताई, आता प्यायची गरज उरली नाही. मला वाटलं, आजारी माणूस, मनाची समजूत घालतोय."

अकरा बाटल्या राहिल्या होत्या. वहीत अकरा पानं राहिली होती. बाईंनी वही मिटली. त्यांना एकाएकी असं वाटलं की आपण इथे चाखायला येत नाही, कुणीतरी आपल्या जिभेनं चाखतंय. त्या म्हणाल्या की ताई, पुढचं पान वाचायचं नाही आणि पुढची बाटली चाखायची नाही. त्यांनी काहीही लिहून ठेवलेलं असो, ते आपण होऊ द्यायचं नाही. आहेत तेवढ्या ओतून टाकू.

दोघींनी पदर खोचले. एकेका बाटलीच्या बुचावरची तार सोडायची, बूच काढायचं आणि बेसिनमध्ये उपडी करायची. तळघर खजुराच्या, लवंगांच्या, जुन्या लाकडाच्या वासानं भरून गेलं. बाईंनी नाकाला पदर लावला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कडक वासानं की इतकी चांगली चीज वाया जाते म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटची बाटली रिकामी झाल्यावर ताईंनी नळ सोडला आणि बराच वेळ वाहू दिला. काम संपल्यावर दोघींना हलकं वाटलं. ताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्याही.

सोमवारी सकाळी ऑफिसात ताईंचा फोन आला. राहवलं नाही म्हणून त्यांनी वही उघडली होती.

"सोळाव्या पानापासून शेवटपर्यंत एकच आहे," त्या म्हणाल्या. "न चाखता ओतली. अकरा वेळा तेच लिहिलंय, बाई. आणि शेवटच्या पानावर खाली लिहिलंय, ताई हसली."

ताईंनी ती वही त्याच दिवशी बंबात घातली. महिन्याभरात घर बंद करून त्या भाचीकडे राहायला गेल्या. वर्षभर दोघी अधूनमधून फोनवर बोलायच्या, पण गुडघ्यांबद्दल, डोळ्यांच्या थेंबांबद्दल. तळघराचा विषय कुणीच काढला नाही.

बाईंचं काम मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. एका सकाळी त्या नेहमीप्रमाणे लिहून उठल्या आणि पेला विसळायला घेतला, तर तो कोरडा होता. बाटली बुचासकट समोर उभी होती. कागदावर त्यांच्याच अक्षरात चार ओळी होत्या. बाईंनी बूच काढलं, ओतली, घोट घेतला. चारही ओळी बरोबर होत्या. एक अक्षर इकडचं तिकडे करायला नको होतं.

त्यांनी तो कागद फाडला आणि केमिस्टला बोलावून सांगितलं की डोळे दुखतात, यापुढे मी चाखून बोलेन, लिहायचं तू. केमिस्टनं विचारलं, डोळे दाखवले का? नवरा चष्मेवाला असताना बाईंनी डोळ्यांचंच निमित्त काढावं, याचं तिला हसू आलं, पण तिनं पेन घेतलं. पुढची सहा वर्षं, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, बाईंनी चाखण्याच्या खोलीत पेनला हात लावला नाही. केमिस्ट आपल्या मनानं शब्द बदलायची, रुमालाच्या जागी काहीतरी लांबलचक शास्त्रीय लिहायची. बाई तिला एकदाही अडवत नसत. उलट तिनं काही चुकीचं लिहिलं की त्यांना बरं वाटायचं.

आता त्या घरी असतात. रविवारी जेवणाआधी नवरा एक बाटली उघडतो, दोघांत मिळून एक. पहिला घोट घेऊन तो दरवेळी विचारतो, "कशी आहे गं?"

बाई म्हणतात, चांगली आहे. त्याहून जास्त काही बोलत नाहीत. तो बूच काढायच्या आधीच कधीकधी त्यांच्या मनात एखादा शब्द येऊन उभा राहतो. तेव्हा त्या खिडकीबाहेर बघतात, नवऱ्याला दुकानातलं काहीतरी विचारतात, आणि तो शब्द निघून जाईपर्यंत पेला हातात घेत नाहीत.