मडमेच्या बटा आणि माझं डोकं

टोपी काढून दाखव म्हणता? काढतो, पण आधी चहा घ्या. ह्या टोपीखाली जो उजाड माळ आहे ना, त्याला कारण एक गोरी मडम! हसू नका. मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातांनी केलेला गाढवपणा आहे हा. आपल्या अख्ख्या झाडीपट्टीत दुसऱ्या कुणी असा केला असेल, तर मी चहा सोडीन!

तुम्हाला माहीतच आहे, मी बिडी कारखान्यात कामाला आणि गावच्या नाटकात बाईच्या पार्टाला. धान घरात आलं की आमच्या गावी शंकरपट. दिवसा बैल पळणार, रात्री नाटक होणार, आणि मधल्या वेळात सोयरेधायरे लग्नं जुळवणार! त्या वर्षी माझा नंबर होता. केशोरीचे गोविंदबुवा पटाच्या दिवशी आमचं घर आणि मला बघायला येणार होते. त्यांची मुलगीही नाटकाला येणार होती. आई मला बजावून बजावून थकली, "देवा, त्या दिवशी मानसासारखा राहजो, बाप्पा!"

मी मान डोलावली. पण डोक्यात मडम होती ना!

नाटकात मला राणीच्या जमान्यातल्या कलेक्टरच्या मडमेचा पार्ट होता, आणि त्याच सुमारास गोंदियाला तंबूत सिनेमा आला. गोऱ्यांच्या जुन्या काळचा. गोष्ट काय होती ते विचारू नका, एक साहेब घोड्यावरून पडला एवढंच आठवतं. मी फक्त त्यातल्या मडमेचे केस बघत होतो. काय केस! मधोमध भांग, मागे अंबाडा आणि दोन्ही कानांवरून लोंबणाऱ्या गोल गोल बटा, सुताराच्या रंध्यातून निघालेल्या ढलप्यांसारख्या. मान हलवली की सगळ्या झुलायच्या. डावीकडे सात, उजवीकडे सात. मी दोनदा मोजल्या.

परत आलो तो थेट नाटकाच्या मास्तरांकडे.

"मास्तर, मडमेले बटा पायजेत!"

"कायले? राणीछाप रुपया पाह्य. राणीले साधा अंबाडा हाये. मडम राणीपेक्षा मोठी हाये का गा?"

"रुपयावर राणीची एकच बाजू दिसते जी! दुसऱ्या बाजूनं बटा असतील त?"

मास्तरांनी खिशातला रुपया काढला, उलटा करून पाहिला आणि परत खिशात टाकला. जिंकलो!

आता बटा करायच्या कशा? माझे केस खांद्यापर्यंत वाढवलेले होते. टोप घालणाऱ्या नटांना मी नट मानतच नव्हतो, एवढा माज! आणि हाताला सवय कशाची? बिडीची. मग ठरलं! पटाच्या दिवशी पहाटे उठलो, तेंदूची पानं भिजवली, कातरली, केसांची एकेक बट भाताच्या पेजेत बुडवून पानात गुंडाळली, पार कातडीपर्यंत, आणि वरून दोरा. चौदा बिड्या! कारखान्यातल्या मुनीमानं पाहिलं असतं तर एकही बाद केली नसती.

पण दोरा सुटायला लागला. केस ओले, गुळगुळीत. आणि तिथंच माझी अक्कल धावून आली. बाबा विळ्याच्या मुठीत पातं पक्कं बसवतात ते कशानं? लाखेनं! घरात होतीच. पातळ केली आणि प्रत्येक बिडीच्या बुडाशी एकेक थेंब टाकला. चटके बसले, पण कलेसाठी सोसले. मग अंगणात उन्हाला डोकं देऊन बसलो, नाटक सुरू झाल्यावर लोक कशा शिट्या मारतील ते ऐकत.

दोन तासांनी पान सोडवायला गेलो. पान हलेना. दोरा हलेना. ओढलं तर डोळ्यांत पाणी!

आमचे न्हावी सीतारामभाऊ यांना बोलावलं. त्यांनी डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"कोनं केलं गा हे?"

"मीच जी."

"काऊन?"

"मडमेसाठी."

"लाख सुटाची असन त तापवा लागते. शेगडीवर धरतोस का डोकं?"

"दुसरा उपाय?"

त्यांनी वस्तरा काढला. चौदा बिड्या मुळापासून कापून सुपात ठेवल्या. डोक्यावर राहिले ते मधले झुपके, म्हणजे पीक कापलेल्या बांधीत चुकून उभं राहिलेलं धान. ते बघून भाऊंनाच दया आली आणि त्यांनी सगळं साफ केलं. माझं डोकं तुळतुळीत! भाऊ पट बघायला गेले. आणि मी अंगणात सूप मांडीवर घेऊन रडत बसलो. दोन वर्षांचे केस हो!

नेमके त्याच वेळी फाटकातून कोण आत यावं? गोविंदबुवा आणि त्यांचा साळा!

आता तुम्हीच सांगा. ज्याचं घर बघायला आलात तो पोरगा अंगणात बसलाय, डोकं ताजं भादरलेलं आहे, डोळ्यांतून धारा वाहतायत आणि घरचा मालक कुठं दिसत नाही. आपल्याकडे ह्याचा अर्थ काय होतो?

गोविंदबुवांनी फेटा काढला. माझ्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रडू नोको, बेटा. बाप कोनाले जलमभर पुरते?"

मला काही कळेना. मग लख्खकन कळलं! खरं सांगावं तर काय सांगावं? की मामाजी, बाप धडधाकट आहे, बैल घेऊन पटावर गेलाय, मी डोक्याला लाख लावून बिड्या वळल्या? अशा माणसाला मुलगी कोण देईल? शब्द जुळवेपर्यंत त्यांचा साळा उठला. "पट थांबवा म्हनून सांगतो. मरनाच्या दिवशी डफडं वाजते, बरं दिसते का?" आणि गेलासुद्धा!

"अहो, थांबा जी..." माझा आवाज फुटेस्तोवर तो गल्लीच्या वळणापार.

इतक्यात पहाटेपासून चुलीपाशीच असलेली आई पाहुण्यांसाठी पाणी घेऊन बाहेर आली. आधी तिला गोविंदबुवांचं उघडं डोकं दिसलं. मग माझं दिसलं. हातातला तांब्या खाली!

"बैलायनं तुडवलं का गा त्यायले? अन तू डोकंबी केलं, मले सांगतलंबी नाही? माय वोऽऽ!"

"नाही वो आई, ऐकून तर..."

कोण ऐकतं! शेजारणी धावल्या. आधी रडल्या, मग विचारलं. मी सुपातली एक बिडी उचलून सगळ्यांना दाखवत होतो, "हे पाहा, हे केस हायत!" तर एक म्हातारी म्हणते, "पोराच्या मनावर परिनाम झाला, बिचारा."

तिकडे पटावर काय झालं असेल? डफडं बंद पडलं. आमच्या गल्लीत कुणी तरी गेलं एवढंच बाबांच्या कानावर आलं. त्यांची जोडी दाणीत, म्हणजे पळायच्या पट्ट्यात, पुढचीच सुटणार होती, वर्षभर सरकी चारलेली जोडी! पण माणूस भला. बैल दुसऱ्याच्या हाती दिले, टोपी काढली आणि शंभर माणसांच्या पुढे मान खाली घालून चालत आले.

दारात मी उभा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कोन गेलं गा?"

मी म्हणालो, "तुमी."

गोविंदबुवांनी वर पाहिलं. आईनं पाहिलं. रडणं एकदम थांबलं. पुढचा मार मी वर्णन करत नाही. आईनं अर्धा दिला, तांब्यानं. उरलेला बाबांनी, कारण त्यांचे बैल न पळताच परत आले होते. गोविंदबुवा फेटा बांधून निघून गेले. गेलं लग्न! मला पोरगी न बघताच आवडायला लागली होती हो, खरंच.

पण नाटक तर करायलाच हवं होतं. मास्तरांनी त्या चौदा बिड्या विस्तवावर दुरून धरल्या. लाख वितळली, पानं सुटली आणि आतून काय निघावं! बटा! अस्सल, गोल, झुलणाऱ्या. त्या टोपीला शिवल्या. टोप घालणाऱ्यांना नावं ठेवणारा मी, माझ्याच केसांचा टोप घालून उभा राहिलो. पडदा उघडताच बायकांच्या बाजूनं "अगं माय!" असा गलका झाला. बाबांना मास्तरांनी पुढच्याच खुर्चीत बसवलं होतं, म्हणजे दूरच्या गावांहून रडत आलेल्या सोयऱ्यांना ते लांबूनच जिवंत दिसावेत!

आणि सकाळी गोविंदबुवा पुन्हा दारात. तोंड वाकडं, पण म्हणाले, "पोरीनं नाटक पाह्यलं अन हो म्हनते. आमचा इलाज नाही."

मी हवेत! फाल्गुनात लग्न झालं. बाशिंग बोडक्या डोक्यावरून चारदा घसरलं. शेवटी एकदाचे आम्ही दोघं बोलायला मोकळे झालो. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "एवढं सगळं होऊनबी तू मले हो म्हटलं! काय पाह्यलं वो माझ्यात?"

ती म्हणाली, "तुमच्यात कायले? त्या बटा पाह्यल्या. कशा केल्या ते शिकाचं होतं."

शिकवलं. लाख सोडून. गोरा साहेब देश सोडून जातो जातो म्हणतोय आणि अजून गेला नाही. माझे केस मात्र गेले ते गेले, पुन्हा धड उगवलेच नाहीत. आणि ती? आता येईल चहाची कपबशी उचलायला, तेव्हा नीट बघा. डावीकडे सात, उजवीकडे सात!