चुलीतली रवी

काल लेक मोबाईलवर जादूची एक जुनी मालिका बघत होती. तिचं गाणं कानावर पडलं आणि मला लोणी करपल्याचा वास आला.

लहानपणी आमच्या गावी, रनाळ्यात, ती मालिका संपली की आम्ही पोरी तिच्यातल्या पऱ्या व्हायचो. एका रविवारी मी ताकाची रवी उचलली, शेजारच्या काकूंच्या वासरावर रोखली आणि ओरडले, "दगड हुई जाय!"

आई धावत आली. कधी हात न उगारणाऱ्या आईनं माझ्या थोबाडीत मारली आणि मला घरात ओढत नेलं. "चूप! कोनी आयकी लिधं ते?" म्हणत तिनं लोण्यानं माखलेली रवी चुलीत घातली. मी रडायचंही विसरले. एका खेळासाठी एवढं?

आई वारल्यावर मावशीनं सांगितलं. त्यांच्या लहानपणी शेजाऱ्यांचं वासरू मेलं, तेव्हा गावानं माझ्या आजीला डाकीण ठरवून हाकललं होतं. दोन्ही पोरींना घेऊन ती अनवाणी निघाली होती.

काल हे सगळं आठवत होते, इतक्यात लेक पळी घेऊन गॅलरीत पळाली आणि समोरच्यांच्या बाळाकडे बघून ओरडली, "दगड हो!"

शाळेत विज्ञान शिकवणारी मी धावले. भानावर आले तेव्हा गॅलरीचं दार लावलेलं होतं आणि लेकीच्या गालावर माझी बोटं उमटली होती.