आर्नहेमजवळची 'शी-टाके'

आई हॉलंडला येऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात तिने जाहीर केलं, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर. नात माझ्याशी बोलतच नाही." नात म्हणजे माझी सात वर्षांची इरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. म्हणून शनिवारी दोघींना घेऊन बाहेर पडलो.

आमच्या हूफडॉर्पहून आर्नहेमला ट्रेन, मग बस, मग चिखल. गमबूट न्या, मी नेले नव्हते. तिथल्या एका शेतावर ओकच्या ओंडक्यांवर जपानी अळंबी पिकवतात. फेरी आधी ठरवावी लागते, शेवटी वाटीभर परतलेली अळंबी मिळते.

शेताची मालकीण यानेके, उंचच उंच बाई. ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शिटाके."

आई दोन पावलं मागे सरकली. "शी? आणि टाके? आणि हे खायचं?"

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात आजीच्या भाषेत 'शी' म्हणजे काय, हे इराने यानेकेला डचमध्ये साभिनय समजावलं. यानेके डोळे पुसेपर्यंत हसली. मग तिने सांगितलं, की जपानीत 'शी' हे ओकच्या नात्यातलं एक झाड आणि 'ताके' म्हणजे अळंबी. त्या झाडावर उगवते, म्हणून ते नाव.

मी आईला हे मराठीत सांगितलं.

"ताके म्हणजे अळंबी? आमच्या भंडाऱ्यात अळंबीला टेकोडे म्हणतात! जपान्यांनी आपल्याकडूनच नेलं."

"आई, तसं नसतं..."

"तू गप्प बस."

यानेकेने वाटी पुढे केली. इराने नाक मुरडलं आणि चक्क मराठीत विचारलं, "आजी, शी खाणार?"

आई हसता हसता ओंडक्यांच्या चळतीवरच बसायला निघाली, यानेकेने वेळीच धरलं. "खाणार तर! तूही खा." दोघींनी वाटी चाटूनपुसून संपवली. मला वासच मिळाला.

परतताना दोघी शेजारी बसल्या. गप्पा सगळ्या संडासाशी संबंधित. डब्यात आणखी कोणी मराठी नसू दे, एवढीच माझी इच्छा होती.

बरोबर आणलेल्या अळंबीचा आईने घरी खोबरं भाजून रस्सा केला. खरं सांगायचं तर शेतावर बघण्यासारखं फार नाही, नुसते ओले ओंडके. तरी जा. चव मटणाच्या जवळपास जाते, असं मी ऐकून आहे. कारण मी पातेल्यात डाव घातला, तर इराने माझा हात धरला.

"बाबा, तू नको घेऊ. हे आमचं आहे."

माझ्याशी ती बोललेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य. तेही माझ्याच विरोधात.