एका मिनिटाचा व्हिडिओ

प्रत्येक पोराला वर्गात उभं करायचं, त्याच्या घरच्या भाषेत एक मिनिट बोलतं करायचं आणि व्हिडिओ वर पाठवायचा. शिक्षण खात्याच्या नव्या कार्यक्रमातलं हे कलम वाचून माझं डोकंच फिरलं. पहिलीला शिकवायचं की शूटिंग करायचं? चिंचणीच्या बाजूला, किनाऱ्यालगतची आमची शाळा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबे उघडून आधी त्या कार्यक्रमाचा उद्धार करायचो, मग जेवायचो.

त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी बोलेचना. दिवाळी उलटली तरी तिच्या तोंडातून शब्द नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, व्हिडिओ नसेल तर तिला परत बालवाडीत बसवायचा आदेश आहे. मी तरी काय करू?" वर्गातल्या मैत्रिणी पुढे जाणार आणि ही पुन्हा खेळण्यांत!

शाळा सुटल्यावर मी तिच्या आईला गाठायला किनाऱ्यावर गेले. बोंबील वाळत घालायचं काम जोरात होतं. मी सांगलीकडची, बोंबील मिटक्या मारत खाल्लेले, पण हे असं जवळून कधी बघितलं नव्हतं. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. अशा दोऱ्या पार सुरूच्या झाडांपर्यंत गेलेल्या. आणि मधोमध माझी ती मुलगी, कमरेवर हात ठेवून, मोठ्या बायकांना दम देत होती! "असा नाय गो! दोगांचा तोंड धर, मंग टाक! आन तो कावला बग आला, हाकल ना त्याला!"

मी जागीच थबकले. एवढ्याशा गळ्यात एवढा आवाज! लाटांच्या आवाजातही ऐकू येत होता.

"घरी तं हिचा तोंड बंदच नाय होत," तिची आई हसली. "शालेत लाजते, बाई. तुमच्यासारका बोलाला येत नाय ना तिला."

मी मोबाइल काढला, व्हिडिओ केला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी वरून निरोप: वाऱ्याचा आवाज आहे, मागे वर्ग दिसत नाही, पुन्हा पाठवा. धन्य आहे बाबा यांची! अशी चिडले होते की खडू मोडला हातात.

मग तिच्या बाकाशी जाऊन बसले. म्हटलं, "बाळा, काल काय सांगत होतीस गं? मला परत सांगशील?"

तिने माझी कीव आल्यासारखं बघितलं. "तू तिथंच व्हती ना? ऐकू नाय आला तुला?"

ती बाकावर चढली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जबडे दाखवले आणि जी सुटली! होड्या, बोंबील, कावळे, आजीच्या शिव्यासुद्धा. मी आ वासून ऐकत राहिले. मुख्याध्यापक आवाज ऐकून दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे मला मोबाइलची आठवण झाली. व्हिडिओ सुरूच केला नव्हता.

"राहू द्या बाई," ते हळूच म्हणाले. "वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो. हिला बालवाडीत आवरणार कोण?"