उतरायला दोन मिनिटं

डायलिसिस सेंटरच्या व्हॅनवर बाई ड्रायव्हर आली, तेव्हा पेशंटांनी नाकं मुरडली होती. आता तीच मंडळी दुसरं कुणी आलं की गाडीत चढायला कुरकुरतात. नऊ वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा ती त्यांना घरून उचलते आणि टेकडीवरच्या सेंटरला पोचवते. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा.

या ताईचं हाडवैर होतं डॅशबोर्डखालच्या काळ्या डबीशी. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाच्या वर चालू राहिलं, की डबी ऑफिसात लाल खूण पाठवायची. महिन्यात दहा खुणा भरल्या की ड्रायव्हरची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये, फायली लावायला. महिना अर्धाच सरला होता आणि ताईच्या नावावर नऊ खुणा होत्या.

"साहेब, चढ चढून आल्यावर इंजिनाचा टर्बो तापून लालबुंद असतो," तिने मॅनेजरला चौथ्यांदा सांगितलं. "लगेच किल्ली फिरवली की तेल फिरायचं थांबतं, आतल्या आत जळून कोळसा होतं. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, बास. आधीची गाडी कशाने गेली, विसरलात? महिनाभर ही आजारी माणसं मिळेल त्या गाडीने येत होती."

"नव्या गाड्यांना असलं काही लागत नाही. मी वाचलंय."

"आपली गाडी नवी आहे?"

"नियम सगळ्यांना सारखा." साहेबांनी परिपत्रक पुढे सरकवलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने जन्मात कधी बॉनेट उघडलं नाही, तो तिला गाडी शिकवणार! धुसफुसतच तिने जिन्यात परिपत्रक वाचलं. तळाशी एक ओळ होती: पेशंट चढत-उतरत असताना सूट. म्हणजे बाजूचं दार उघडं असेपर्यंत डबी गप्प. पण पेशंट तर अर्ध्या मिनिटात उतरून मोकळे होत, आणि सेंटरचा अटेंडंट लगेच दार लावून घेई.

परतताना तिने सगळा राग गाडीतच ओकला. मागच्या सीटवर घड्याळवाले काका होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोलणं कमी, ऐकणं जास्त.

पुढच्या खेपेला सगळे उतरले, काका सोडून. एक पाय पायरीवर, एक हात दाराला, नजर मनगटावरच्या घड्याळावर. "गुडघे हो," त्यांनी दार लावायला आलेल्या अटेंडंटला सांगितलं आणि दोन मिनिटांनी टुणकन खाली उतरले. "एकशेवीस सेकंद," ताईच्या खिडकीशी येऊन ते पुटपुटले. "मोजून!"

ताईला हसू फुटलं. पण घरी भांडी आपटताना ती नवऱ्यापुढे धुमसत राहिली. सरळ काम सरळ करू देत नाहीत, त्याला म्हाताऱ्याच्या सोंगाचा आडोसा लागतो! नवरा म्हणाला, खुणा थांबल्या ना, मग झालं तर. त्यावर ती आणखीच भडकली.

खुणा मात्र नऊवरच थांबल्या. अटेंडंटलाही काकांची सवय झाली.

महिन्याच्या शेवटच्या खेपेला काका पायरीवर असेच थांबले. दोन मिनिटं झाली. ताईने इंजिन बंद केलं.

"काका, वाचले मी! आता उतरा."

काका हलले नाहीत.

"अहो, पुरे झालं नाटक."

"नाटक नाही गं, ताई," काका म्हणाले. "आज पाय खरंच उचलत नाहीये."

ती धावत दाराशी गेली. काकांचं मनगट सुजून टम्म झालं होतं, घड्याळ शर्टाच्या खिशात होतं. आज त्यांनी सेकंद मोजलेच नव्हते, आणि ती मात्र पुढे बसून खुशीत शीळ घालत होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"अहो, खुर्ची आणा! चाकाची! लवकर!" ती ओरडली.

अटेंडंटने मान वळवून पाहिलं आणि हसला. "काकांचं रोजचंच आहे, ताई. उतरतील दोन मिनिटांत."