म्हाळूला सगळं सांगावं लागतं

राहू गावात म्हाळूला आडून काही सुचवायची सोय नव्हती. शेजारी म्हणायचा, "तुमच्या बैलांना आज काम दिसत न्हाई." दुसऱ्या कुणीही ओळखलं असतं, की याला बैल हवेत. म्हाळू म्हणायचा, "व्हय, आज निवांत हायेत," आणि पुढं चालू लागायचा. एखाद्या बाईनं रीतीपुरतं "जेवून जावा" म्हटलं, की हा हातपाय धुऊन पाटावर हजर! बरं, माणूस लबाड म्हणावा तर तसंही नाही. नीट मागितले असते, तर त्यानं बैल स्वतः नेऊन बांधले असते.

आणि देवानं जोडा तरी काय जुळवला! बायको विठाबाई न बोललेलंही ऐकायची. पातळ चहात तिला अपमान दिसायचा, कुणी नुसतं खोकलं तरी त्यात टोमणा सापडायचा. यांचा संसार कसा झाला म्हणाल, तर झकास झाला. तिचे टोमणे त्याला कळायचेच नाहीत, मग ती भांडणार कुणाशी?

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात त्यांच्या रंभाला पाटसचं स्थळ आलं. मुलगी बघून झाली, मग ही दोघं आणि विठाबाईचा भाऊ पोपटराव मुलाचं घर बघून आली. मुलाचे वडील आनंदराव. उसाचं रान, घरचं गुऱ्हाळ. पाहुणचार चांगला झाला. पण सोयरीक पसंत असली, की निघताना पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवायची तिकडची रीत, आणि आनंदरावांनी काही गूळ ठेवला नाही. "गुऱ्हाळ लागलं की या गूळ खायला," एवढंच म्हणाले.

यष्टीत बसायच्या आत विठाबाईनं निकाल लावला, की हा नकार. गुऱ्हाळवाल्याच्या घरात गुळाचा खडा नाही, असं कुठं असतंय का? पोपटरावानंही मान डोलावली. मग भावाबहिणीनं शिरूरकडचं दुसरं स्थळ धरलं, आणि दिवाळी झाली की त्यांना शब्द द्यायचा ठरला. रंभा गप्प गप्प असायची. आईनं तेही ओळखलं, की पोरीला पाटस आवडलंच नव्हतं, सुटली बिचारी.

म्हाळूला असलं ओळखता येत नव्हतं. त्याला आपलं विचारावंच लागायचं. शब्द द्यायच्या आदल्या दिवशी गोठ्यात त्यानं पोरीला सरळ विचारलं, "तुला पाटसचा पोरगा पसंत हाय का?"

शेणाची पाटी तशीच धरून रंभा उभी राहिली. "व्हय," म्हणाली. तोवर तिला हे घरातल्या कुणी विचारलंच नव्हतं.

"मग जाऊन येतो. गुऱ्हाळ लागलं असंल," म्हणाला, आणि मिळाली ती यष्टी धरून म्हाळूनं पाटस गाठलं. गुऱ्हाळ चांगलंच पेटलं होतं. आनंदराव मात्र घुश्शात. बोलावून पाहुणे आले नाहीत, तेव्हा पोरीकडचा नकारच आहे, असं त्यांच्या घरातही ठरून गेलं होतं. दोन्ही घरं शहाणी, काय करता!

म्हाळूनं बसायच्या आधीच विचारलं, "तवा गूळ का दिला न्हाई?"

"शुभकामाला जुना गूळ कसा देऊ, पाव्हणं? आमच्यात नव्याचाच मान. म्हनून तर सांगितलं, गुऱ्हाळ लागलं की या."

"मग आलोय की."

आनंदराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. हसतहसतच त्यांनी ताज्या गुळाचा कोमट खडा त्याच्या हातावर ठेवला.

घरी विठाबाईनं पहिलं हेच विचारलं, की त्यांच्या तोंडावरून काय वाटलं? म्हाळूनं तोंड बघितलंच नव्हतं. त्यांनी हातावर गूळ ठेवला, एवढंच त्यानं सांगितलं. विठाबाईनं कपाळावर हात मारला आणि ती खुदकन हसली.

आत चुलीपाशी रंभा मात्र रडायला लागली. पोरीचं मन पालटलं, असं विठाबाई म्हणायला लागली. म्हाळू उठून आत गेला आणि त्यानं विचारलं, "का गं रडतीस?"

"तुमाला सोडून जावं लागंल आता, आबा."

म्हाळू तिच्या शेजारी खाली बसला. हे तेवढं तिनं आडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.