गुरुजींच्या नावानं सांगितलेला निरोप

माझ्या तोंडून तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मी लोळवलेले वाघ ठेवायचे म्हटले तर सातपुड्याला आणखी दोन डोंगर जोडावे लागतील. पण ही एक गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही — ती गेली तरी नाही. का? कारण ही खरी आहे.

मुंबई राज्यात गुजरातही होता, तेव्हाची विधानसभेची निवडणूक. उमेदवार बरेच होते, पण लढत दोघांतच. एक माझे चुलते, आबा — कळसाडीचं निम्मं शिवार आमचं, आणि दाराशी पक्षानं दिलेली जीप. दुसरे गुरुजी, अपक्ष. म्हसावदच्या वर, डोंगरातल्या पाड्यांवर त्यांनी शाळा चालवली होती. मलाही अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह — आबांची सायकल, गुरुजींची होडी. कागद ज्याच्या पेटीत टाकाल, मत त्याला.

मी घरी भांडून गुरुजींकडे गेलो. मत द्यायचं माझं वय नव्हतं; तोंड मात्र दहा मतदारांचं होतं. पाड्यांची बोली मला यायची. "गुरुजींनी सांगितलंय" म्हटलं की तिथं पुढचा प्रश्न नसे. निरोप आणणाऱ्यावर संशय घेणं म्हणजे निरोप धाडणाऱ्याचा अपमान — अशी त्यांची रीत.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी वर निघालो होतो. पायी. वाटेत आबांची जीप थांबली. आबा म्हणाले, "भाऊ, गुरुजी बसनात, असं सांगी दे वर. तुन्हं ऐकतस लोके."

बसनात म्हणजे बसले; आणि बसणं म्हणजे माघार घेणं — आपली मतं दुसऱ्याच्या पदरात टाकून.

इथं मी मनातल्या मनात नेहमी आबांच्या तोंडी आणखी एक वाक्य घालतो. "तुन्ही माय मन्हाच घरमा ऱ्हास ना?" मला वडील नव्हते, आई आबांच्या चुलीवर राबायची. म्हणजे मी करणार काय, नाही का? त्या वाक्याच्या आडोशाला मी जन्म काढला. पण आबा तसं बोललेच नाहीत. त्यांनी फक्त जीपचं पुढचं दार उघडलं — ड्रायव्हरशेजारचं.

एवढंच? हो. एवढंच. मी चढलो.

पाड्यापाड्यावर हाकारून सांगितलं — गुरुजी बसले, उद्या कागद सायकलीच्या पेटीत टाका, हा त्यांचाच शब्द. एका म्हाताऱ्यानं विचारलं, गुरुजींना वाईट नाही वाटलं? मी म्हटलं, सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

दुसऱ्या दिवशी माणसं डोंगर उतरून आली. बाया, म्हातारे, सणाचे कपडे घालून. होडी दिसत असताना कागद सायकलीत टाकला — गुरुजींसाठी. आबा निवडून आले.

मग तो म्हातारा पाचपन्नास माणसं घेऊन गुरुजींच्या अंगणात आला. मी तिथंच होतो. पळून गेलो असतो तर कळलं असतं. म्हातारा हात जोडून म्हणाला, तुमचा निरोप आम्ही पाळला. गुरुजी त्यांना पाणी देत होते. तांब्या हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — एकदाच.

"हो," ते म्हणाले. "मीच धाडला होता."

नाही म्हणाले असते, तर त्या अंगणातून मी धड बाहेर पडलो नसतो. हो म्हणाले, आणि त्या दिवसापासून तालुकाभर ते विकले गेलेले गुरुजी झाले. मरेपर्यंत. मला त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि मी? मी त्याचा किस्सा केला — 'गुरुजी कसे बसले'. बाजारात, लग्नाच्या मांडवात, नवापूरच्या गाडीत. आबा कसे विनवत होते, गुरुजी कसे आढेवेढे घेत होते, दोघांचे आवाज काढून. एकदा रंगला म्हटल्यावर लोक सोडतात का? आणि थांबलो असतो तर — का थांबलास, असं कुणी विचारलं असतं.

गेल्या महिन्यात गुरुजींची नात ओट्यावर आली. ती जिल्हा परिषदेला उभी आहे. समोरचे तिला भर सभेत म्हणतात, आजा विकला गेला, तूही विकली जाशील. ओट्यावर माझे नेहमीचे चौघे होते. तिनं त्यांच्यादेखतच विचारलं.

"बाबा, तुम्ही व्हतात ना त्यासना संगे. खरंच बसनात का आजोबा?"

चौघं माझ्या तोंडाकडे बघत होते. हयात असलेला साक्षीदार मी एकटा. खरं सांगायला किती वेळ लागतो?

"बसनात, बेटी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, माझ्या पाया पडली आणि ओटा उतरली. चौघांतला एक म्हणाला, निघालाच आहे विषय तर होऊन जाऊ द्या. मी मांडी बदलली आणि सुरू केलं. गुरुजींचा आवाजही काढला. ती गल्लीच्या वळणापर्यंतही पोचली नव्हती, तेव्हा सगळे हसले.